शुक्रवारचा धूप

समुद्रावर मी आयुष्यात एकदाच गेलो, आणि ज्या सकाळी डोळ्यांची खरी गरज होती त्या सकाळी समुद्र काही दिसला नाही. घरी हे सांगितलं की सगळे हसतात. हसू देत बापडे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दसऱ्याच्या गर्दीत हरवलेली माणसं शोधून घरी पोचवली. पण त्या धुक्यातल्या सकाळची आठवण निघाली की अजून हात आपोआप खुर्चीची कड घट्ट धरतो.

या हकिकतीत कुणाचंही नाव घालत नाही. बरेच जण गेले, त्यांची मुलं-नातवंडं इथं म्हैसुरातच आहेत, आणि पोलिसानं पेन्शनीत गेल्यावर तरी लोकांच्या दारात जाऊ नये.

पहिलं महायुद्ध सुरू व्हायला तेव्हा अवकाश होता. आमच्या संस्थानात चंदनाचं झाड सरकारचं. तुमच्या परसात उगवलं, तुम्ही त्याला पाणी घातलं, तरी ते महाराजांचं. तोडलेलं चंदन सरकारी कोठीत येई. तिथं कामगार वरचं पांढरं, बिनवासाचं लाकूड तासून काढत आणि आतला पिवळसर गाभा प्रतवारी लावून रचून ठेवत. पांढरं लाकूड बाहेर विकलं जाई. गाभ्याची मात्र एक ढलपीसुद्धा दाराबाहेर न्यायची सोय नव्हती.

या दारावर एक जमादार होते. आमच्याच गल्लीतले. आमची घराणी म्हैसूरच्या जुन्या मराठा शिलेदारांची. घोडी गेली, तलवारी खुंटीला लागल्या, ऐट तेवढी राहिली. जमादार तरुणपणी रिसाल्यात होते, दसऱ्याच्या स्वारीबरोबर बन्नीमंटपापर्यंत घोड्यावरून जात. आम्हा पोरांना तेव्हा महाराजांपेक्षा त्यांच्याच मिशा जास्त आठवत. सगळी गल्ली त्यांना जमादारमामा म्हणे.

तर त्या वर्षी कोठीची तपासणी झाली. तपासनिसाच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं सगळ्यात भारी मालाच्या राशीची पुढची ओळ उतरवायला लावली. मागे सगळं पांढरं लाकूड! दर्शनी ओळ तेवढी खरी. मला बोलावणं आलं.

मी पंचनाम्याला गेलो तो दिवस शुक्रवार होता, हे ध्यानात ठेवा. कोठीत कामगारांचा मुकादम चामुंडीच्या तसबिरीपुढे बसून निखाऱ्यावर चंदनाचा चुरा टाकत होता. भुईवर पडलेल्या चुऱ्यातली एक चिमूट, तेवढी मुभा त्याला होती. चोरी उघडकीला आलेली, दारात पोलीस उभे, आणि हा गृहस्थ डोळे मिटून बसलेला. मी म्हटलं, "मुकादम, धूप मग घाला."

"शुक्रवार चुकवता येत नाही, साहेब," तो म्हणाला. "चुकवला की त्या आठवड्यात तासायचा वाकस कुणाच्या तरी हातावर बसतोच. वीस वर्षं पाहतोय."

मला त्याचं कौतुकच वाटलं. मग त्यानं जबाब दिला. कोठीची किल्ली जमादारांच्या कमरेला असते, आणि सुट्टीच्या दिवशी आपण त्यांना दार उघडताना पाहिलं, असा. दोन कामगारांनी मान डोलावली. पुराव्याचं तोंड एकाच माणसाकडे वळलं होतं, आणि तो माणूस दारात ताठ उभा होता.

"मामा, पट्टा काढा," मी म्हटलं. सरकारी पितळी बिल्ल्याचा पट्टा अटकेच्या वेळी जमा करावा लागतो.

"इथं नको रे. सगळे बघतायत. चौकीत काढतो."

"नियम आहे, मामा."

"नियम आहे? सरी, ठीक. मग तूच काढ. कामावर असताना मी आपल्या हातानं तो कधी सोडला नाही."

मी काढला. त्यांनी हात बाजूला धरून मला वाट करून दिली, शिंप्याला माप देताना माणूस धरतो तसे. आजूबाजूचे कामगार जमिनीकडे बघत होते.

चौकीत मी त्यांना सगळं विचारून पाहिलं. ओळखीचा माणूस म्हणून सवलत नाही आणि ओळखीचा म्हणून जादा कडकपणाही नाही, हा माझा शिरस्ता.

"राशीच्या मागे पांढरं लाकूड कसं आलं?"

"ठाऊक नाही."

"किल्ली तुमच्याकडे."

"होय."

"मग?"

"मग काय? किल्ली माझी, तर जाबही माझा. पण मी चोरलं नाही. याहून जास्त माझ्याकडे सांगायला काही इल्ला."

बस्स. रडणं नाही, आणाभाका नाहीत, कुणावर बोट दाखवणं नाही. गुन्हेगार सहसा फार बोलतो. निरपराधसुद्धा भीतीनं बोलतो. हा माणूस कोठडीत भिंतीला पाठ न टेकता बसायचा. मामी रोज डबा आणायच्या, तो ते खात. फक्त डोक्याला फेटा बांधेनात. मामींनी धुऊन आणलेला फेटा घडीसकट परत जाई. "पट्टा नाही तर फेटा कशाला?" एवढंच म्हणत. मामी माझ्याकडे बघत, आणि मी उगाच दौत सरकवत बसे. मॅजिस्ट्रेटपुढची तारीख जवळ येत होती. त्या दिवशी माझ्या हाती दुसरं काही नसलं तर मामा तुरुंगात जाणार, आणि त्या वयाचा, त्या मानाचा माणूस तिथून परत येत नाही, हे मला दिसत होतं.

अशात एक बाई चौकीत शिरली आणि तिनं माझ्या टेबलावर एक कांबळं आपटलं.

"साहेब, माझ्या नवऱ्यानं बाई ठेवलीय."

"बाई, हे पोलिसांचं काम नव्हे."

"अय्यो! मग कुणाचं? महाराजांकडे जाऊ? गाडीवान माणूस, महिना महिना गाडी घेऊन घाटाखाली जातो, आणि येताना हे असं घमघमत येतं. नाक लावून बघा की!" दफेदार तोंड फिरवून हसायला लागला, तर त्यालाही तिनं झापलं. "हसतोस काय? मी रंगाऱ्याची मुलगी आहे. कापडाला काय लागलंय ते आम्हाला धुण्याआधी कळतं. हे मेलं अत्तरच आहे!"

तिची समजूत काढावी म्हणून मी कांबळं नाकाला लावलं, आणि उठून उभाच राहिलो. अत्तर नव्हतं ते. म्हैसूरच्या माणसाला हा वास शिकवावा लागत नाही. रोज पहाटे देवघरात सहाणेवर खोड उगाळलं जातं, त्या वासानंच आम्हाला जाग येते. कोरडा, गोडसर, किंचित दुधाळ. चंदनाचा गाभा.

गाडीवानाला आणलं. मारझोड मला कधी पटली नाही. मार खाऊन माणूस बोलतो खरा, पण आपल्याला जे ऐकायचं असतं तेच बोलतो. मी त्याला बसायला पाट दिला आणि समोर त्याच्या बायकोला बसवलं.

"हे बघ," मी म्हटलं, "या वासाला दोनच कारणं असू शकतात. एक तर तू बाई ठेवलीस, नाहीतर तू चंदन वाहिलंस. काय लिहू?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, दंडुक्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. तिनं पदर खोचला.

"चंदन लिहा, साहेब," तो म्हणाला.

मग सगळंच आलं. मुकादम पांढऱ्या लाकडाच्या गाड्या भरायचा आणि तळाशी गाभा दडपायचा. गाड्या भरदिवसा जमादारांच्या समोरून जायच्या. सागर गावच्या कोरीव काम करणाऱ्यांसाठी पांढरं लाकूड चाललंय म्हणायचं, कोण खाली उतरवून बघतो? शिमोग्यावरून, गेरसप्प्याचा घाट उतरून माल होन्नावरला. तिथं एका वखारीत साठत गेला होता. आता मुकादम रजा काढून स्वतः गेला होता, कारण सगळा माल एका पडावात, म्हणजे मालवाहू गलबतात, भरून गोव्यात पोचवायचा होता. गोवा म्हणजे पोर्तुगीजांचं राज्य.

मी माझ्या वरिष्ठ साहेबांकडे धावलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. "गाडीवान हा स्वतःच चोर आहे," ते म्हणाले. "त्याच्या शब्दावर मुकादम अडकणार नाही आणि जमादार सुटणार नाही. लाकूड आणा." खरं होतं त्यांचं.

दफेदाराला घेऊन मी निघालो. शिमोग्यापर्यंत आगगाडी, पुढे मिळेल ते वाहन. घाट उतरताना अंगातला कोट भिजला, आणि होन्नावरला पोचलो तर वखारीला कुलूप! पडाव त्याच सकाळी खाडीबाहेर पडला होता. होन्नावर इंग्रजी मुलखात. तिथला फौजदार भला माणूस. त्यानं आमच्या वॉरंटावर सही-शिक्का केला आणि आपला एक शिपाई बरोबर दिला. पण बंदरावर बोटीचं विचारलं तर सगळे हात झटकू लागले. वाटेत कारवारच्या अलीकडे अंजदीव नावाचं बेट आहे, तेही पोर्तुगीजांचं. पडाव त्या पाण्यात शिरला की आमचं वॉरंट म्हणजे पुडी बांधायचा कागद.

"मी नेतो," मागून कुणीतरी म्हणालं.

हा एक तांडेल, म्हणजे होडीचा नायक. खारवी समाजाचा, रुंद छातीचा, गळ्यात ताईत, आणि बोलणं असं की बंदरात त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला होडी येतच नाही. त्याची बोली कोकणी. मी ती माझ्या मराठीत देतो, पण त्याचं 'सायबा' तेवढं तसंच ठेवतो.

"सायबा, पोहता येतं?"

"नाही."

"उत्तम. पोहता येणारे फार धीट होतात. मधोमध बसा आणि देवाचं नाव घ्या. माझं घेतलंत तरी चालेल."

मचवा त्याचा स्वतःचा. हाताखाली दोन भाऊ. दुपारी आम्ही शरावतीच्या मुखातून बाहेर पडलो. नदी आणि समुद्र एकमेकांना ढकलत असतात त्या जागी मचवा असा उभा राहिला, की दफेदारानं सकाळची इडली समुद्राला देऊन टाकली. मीही फार मागे राहिलो नाही. तांडेल गात होता.

पोट रिकामं झाल्यावर मी मान वर केली. काय तो किनारा! हिरवे डोंगर थेट पाण्यात उतरलेले, पायथ्याला काळे खडक, तांबडे कडे, त्यांवर फेस उसळतोय. आमच्या चामुंडीच्या डोंगराला मी उंच समजत होतो. इथं प्रत्येक वळणावर तसा एक डोंगर समुद्राला आडवा पडलेला. वारा तोंडावर होता, म्हणून मचवा कधी खोल पाण्याकडे, कधी कड्याकडे असा तिरका तिरका चालला होता. कड्याच्या इतका जवळ जाई की कपारीतली पाखरं दिसत. मग तांडेल ओरडे, भाऊ वाकत, शीड आमच्या डोक्यावरून दुसऱ्या अंगाला जाई, आणि मचवा तोंड वळवे.

"घाबरलात?" तांडेल विचारी.

"नाही."

"मग कोट सोडा माझा."

मला हा माणूस आवडायला लागला होता, हे कबूल केलं पाहिजे. त्याची बढाई होती, पण ती बढाई त्याच्या हातातल्या सुकाणूनं पेलली होती. त्यानं मला समजावलं, दुपारचा वारा समोरचा, म्हणजे पडावही फार पुढे गेला नसणार. खरा चालायचा वारा पहाटेचा, मतलई. तो जमिनीकडून येतो. उद्या त्या वाऱ्यावर पडाव सुटणार, आपणही सुटायचं, आणि अंजदीवच्या आधी गाठायचं. संध्याकाळी एका डोंगराच्या आडोशाला नांगर टाकला, पेज प्यालो आणि झोपलो.

सकाळी जाग आली तर जगच नाही! मचव्याचं पुढचं टोक दिसेना. डोलकाठी अर्ध्यावर संपलेली. दफेदार हाताच्या अंतरावर बसला होता, पण त्याचा नुसता खोकला ऐकू येत होता. घाटावरचं धुकं मी पाहिलंय, ते येतं आणि जातं. हे तर पाण्यावर बूड टेकून बसलं होतं.

"आता?" मी विचारलं.

"आता कान," तांडेल म्हणाला.

आणि त्या धुक्यात तो निघाला. एक भाऊ दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडी. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली, तिला तळाची वाळू लागली की चिखल, हे तांडेल बोटानं चाचपून बघे. बाकी वेळ तो डोळे मिटून लाटा ऐकत होता. वाळूवर लाट पसरते, खडकावर फुटते, आणि कपारीत शिरली तर घोट घेतल्यासारखा आवाज करते, असं तो मला कुजबुजत सांगत होता. एकदा त्याचा अंदाज चुकला. काळा खडक एकदम बाजूला उगवला, भावानं बांबू रेटून मचवा सोडवला, आणि तांडेल त्या खडकालाच म्हणाला, "तू काल इथं नव्हतास!" मी मचव्याची कड दोन्ही हातांनी धरली होती, तरी हसू आलं.

गंगावळीचं मुख मागे पडल्यावर तो म्हणाला, "आता बाहेर काढतो. पडाव मतलईवर सुटून केव्हाच खोल पाण्यात गेला असणार. आपणही तिकडून सरळ अंजदीवकडे जाऊ." त्यानं सुकाणू दाबलं.

आणि त्याच वेळी मला वास आला.

आधी वाटलं, भास. घरची आठवण येत असेल. पण वारा मंद होता, ओला होता, जमिनीकडून येत होता, आणि त्याच्याबरोबर तो वास पुन्हा आला. चंदन. नुसतं नव्हे, निखाऱ्यावर पडलेलं चंदन.

"थांबव," मी म्हटलं. "चंदन जळतंय."

तांडेलानं नाक वर केलं. भावांनीही केलं. "मला तर काही येत नाही."

"किनाऱ्यावर देऊळ आहे का?"

"या बाजूला? माकडंसुद्धा नाहीत. कडा आहे, आणि खाली खडक आहेत. आम्ही त्यांना दात म्हणतो. सायबा, पोट रिकामं असलं की माणसाला नाही नाही ते वास येतात."

मी दफेदाराला विचारलं, "आज वार कोणता?"

"शुक्रवार, साहेब." आणि बोलता बोलता तोही थांबला. पंचनाम्याला तो माझ्याबरोबर होता. त्यानं नाक वर केलं. "अय्यो, साहेब... खरंच की. कोठीचाच वास."

मी तांडेलाला कोठीतला मुकादम, त्याचा शुक्रवार, त्याची चामुंडी, सगळं भराभर सांगितलं. पडाव पुढे गेला नाही, धुक्याला भिऊन तो इथंच कुठंतरी आत दडलाय. आम्ही आता बाहेर पडलो तर ते धुकं उठल्यावर आमच्या पाठीमागून निघतील आणि आरामात बेट गाठतील. आणि म्हैसूरला एक म्हातारा बोडक्या डोक्यानं कोठडीत बसलाय, तो तिथंच राहील.

तांडेलानं सुकाणूवरचा दाब काढला.

"दातांच्या मागे एक आसरा आहे," तो हळू म्हणाला. "आत जायला एकच फट. उजेडात मी गेलोय. असल्या धुक्यात कुणी जात नाही. आणि मला तो वास येत नाही, सायबा. माझं नाक मासळीनं केव्हाच नेलं. तुमच्या नाकावर जावं लागेल."

"हो."

"हा मचवा म्हणजे माझं घर आहे. तीन बिऱ्हाडं यावर जेवतात."

"ठाऊक आहे."

"नक्की आहे?"

मी डोळे मिटले. पुन्हा वास घेतला. "नक्की," मी म्हटलं.

त्यानं आणखी एक शब्दही विचारला नाही. शीड उतरवलं, वल्ह्यांना फडकी गुंडाळली, आणि मचव्याचं तोंड खडकांकडे वळवलं. मला त्यानं पुढच्या टोकाला नेऊन बसवलं. मी वासाच्या बाजूला हात करायचा आणि त्यानं लाटांचा आवाज ऐकून त्या हाताकडे जायचं, असं ठरलं. वास गेला की मी मूठ मिटत होतो, वल्ही थांबत. आला की हात पुढे. डावीकडे पाणी घोट घेत होतं, उजवीकडे फुटत होतं, आणि मधून आम्ही सरकत होतो. एकदा बुडाला काहीतरी घासलं. मी मागे पाहिलं. तांडेलाचे ओठ हलत होते, पण डोळे माझ्या हातावर होते. माझ्या आईनं सोडलं तर इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

मग पाणी एकदम शांत झालं. वास दाट झाला. आणि धुक्यातून एक लाकडी भिंत पुढे आली. पडाव!

त्याचे खलाशी कांबळी पांघरून पेंगत होते. मागच्या बाजूला मुकादम मांडी घालून बसला होता, पुढे मातीच्या भांड्यात निखारे, डोळे मिटलेले, बोटांच्या चिमटीत चुरा. मी पडावावर पाय ठेवला तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि कितीतरी वेळ मला देवीनं पाठवलेलं काहीतरी समजून बघत राहिला. मग त्यानं ती चिमूट निखाऱ्यावर टाकली, हात जोडले आणि म्हणाला, "शुक्रवार होता, साहेब."

झटापट झालीच नाही. होन्नावरच्या शिपायानं वॉरंट वाचलं. पडावाचा तांडेल कपाळावर हात मारून घेत होता. धुकं उठेपर्यंत हलायचं नाही आणि विस्तव पेटवायचा नाही असं त्यानं बजावलं होतं म्हणे, पण हा घाटावरचा माणूस ऐकेना, देवीपुढे धूप घातल्याशिवाय पाणीही पिणार नाही म्हणाला. ताडपत्री उचलली. गाभ्याच्या ओंडक्यांवर आमच्या कोठीचे ठसे तसेच होते.

तिथंच, धुकं वितळायची वाट बघत, मी मुकादमाचा जबाब घेतला. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"जमादाराला किती सामील केलंस?"

"जमादाराला?" तो चक्क दचकला. "त्यांना कोण सामील करणार, साहेब? एकदा मी त्यांच्या पत्नीसाठी गाभ्याची एक ढलपी दिली होती. देवाला उगाळायला. त्यांनी ती माझ्यादेखत राशीवर परत ठेवली, आणि हात धुतले. म्हणून तर किल्लीचं बालंट त्यांच्यावर घातलं. ते कुणावर उलटणार नाहीत, हे ठाऊक होतं."

मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. वाचून दाखवून त्याचा अंगठा घेतला.

ऊन आलं तेव्हा आम्ही कुठून आत शिरलो ते दिसलं. काळे, धारदार खडक, आणि मधली ती फट बैलगाडीलाही अंग चोरून जावं लागेल एवढी. दफेदारानं रामराम म्हणून डोळेच झाकून घेतले. मी तांडेलाकडे पाहिलं तर तोही त्या खडकांकडे बघत होता.

"सायबा," तो म्हणाला, "दिसत असतं तर मी आलो नसतो."

होन्नावरला परतल्यावर मी त्याला विचारलं, तुझ्यासाठी काय करू? तो म्हणाला, "त्या लाकडाचा एक तुकडा द्या. ज्या वासापायी घरदार खडकात घातलं, तो वास एकदा निवांत बसून घेऊन बघतो."

"तो मुद्देमाल आहे. महाराजांचा माल. ढलपीही देता येत नाही."

"एवढं मोठं सरकार तुमचं, आणि हात असा आखडता!" तो खदखदून हसला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि जाळी आवरायला निघून गेला. मला शरम वाटली, पण नियम तो नियम.

जमादार सुटले. कोठीच्या दारात, त्याच कामगारांच्या समोर, मी तो पट्टा त्यांच्या कमरेला बांधला. त्यांनी हात तसेच बाजूला धरले होते. मामी मागे फेटा घेऊन उभ्या होत्या. तो मामांनी स्वतः बांधला, सावकाश, एकेक पीळ बसवत, आणि दारात जाऊन उभे राहिले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली. मुकादमाबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"त्या तांडेलाला काय दिलंस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, त्यानं काय मागितलं आणि मी काय उत्तर दिलं.

"बरोबर केलंस," मामा म्हणाले. "सरकारचं सरकारला." मग उठून ते देवघरात गेले आणि हातात काहीतरी घेऊन आले. त्यांच्या घरचं उगाळायचं खोड. आजोबांनी रीतसर विकत घेतलेलं, तीन पिढ्यांनी सहाणेवर झिजवून अंगठ्याएवढं राहिलेलं. मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान डोलावली.

"हे सरकारचं नाही," मामा म्हणाले. "हे आमच्या घरचं. त्याला पाठव."

लोक मला विचारतात, इतक्या वर्षांच्या नोकरीत काय शिकलात. मी सांगतो, माणूस गाव बदलतो, मुलूख बदलतो, पण आपला शुक्रवार बरोबर घेऊन जातो. तपास करायचा तर तो शुक्रवार शोधावा. हे झालं पोलिसांपुरतं. दुसरं जे शिकलो ते मला नीट सांगता येत नाही. मला दिसत नव्हतं, त्याला वास येत नव्हता, आणि जमादारमामांना तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरी त्या सकाळी आम्ही तिघं एकाच होडीत होतो, असं मला वाटतं.

खोड घेऊन दफेदार होन्नावरला गेला. परत आल्यावर त्यानं सांगितलं, तांडेलानं ते ओल्या दगडावर उगाळलं, बोट नाकाशी नेलं, पुन्हा उगाळलं, पुन्हा नेलं. त्याचे भाऊसुद्धा चकित झाले, म्हणे. मग त्यानं ते गंध मचव्याच्या पुढच्या टोकाला, मी बसलो होतो त्या जागी, लावलं.

"साहेबांना काही निरोप?" दफेदारानं विचारलं.

"सांग," तो म्हणाला, "आता आला."